विलीनीकरण कायमचे, समाजाचे देणे मात्र मुदतीचे

१/ अमेरिकेत मोठे रुग्णालयसमूह एकत्र येतात, तेव्हा अनेकदा राज्य सरकार त्यांच्याकडून वंचित वस्त्यांसाठी ठरावीक रक्कम खर्च करण्याचे वचन घेते. या वचनाला औदार्य समजले जाते. इतिहास पाहता ते औदार्य नव्हे. ती जुन्या ऋणाची फेड आहे.

२/ बॉस्टनचेच पाहा. डीकनेस रुग्णालय १८९६ मध्ये मेथडिस्ट सेविकांनी उभारले. बेथ इस्रायल १९१६ मध्ये शहरातील ज्यू समाजाने, मुख्यतः स्थलांतरितांच्या सेवेसाठी. १९९६ मध्ये दोन्ही एक झाली. पाया धर्मादायाचा होता, भागधारकांचा नव्हे.

३/ पुढे सरकारही देणगीदार झाले. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालयांच्या बांधकामाला संघराज्याचा पैसा मिळाला. अट अशी की, २० वर्षे ‘वाजवी प्रमाणात’ मोफत उपचार द्यावेत. वाजवी म्हणजे किती, हे ठरायला मात्र १९७० चे दशक उजाडले. तेही गरीब रुग्णांनी न्यायालयाची पायरी चढल्यावर.

४/ करमाफीची कथा याहून बोलकी आहे. १९५६ च्या नियमानुसार करमाफी हवी असल्यास ऐपतीप्रमाणे गरिबांवर उपचार करणे आवश्यक होते. १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड आल्या आणि १९६९ मध्ये ही अट सैलावून ‘समाजहित’ हा व्यापक निकष आला. २०१० च्या कायद्याने दर तीन वर्षांनी परिसराच्या आरोग्यगरजांची पाहणी सक्तीची केली. पण किमान खर्चाचा आकडा तेव्हाही घातला नाही.

५/ ही पोकळी विलीनीकरणाच्या वेळी भरली जाते. २०१९ मध्ये बेथ इस्रायल डीकनेस, लेही आणि इतर रुग्णालये मिळून १३ रुग्णालयांचा समूह झाला. ॲटर्नी जनरल मॉरा हीली यांनी अटी घातल्या: सात वर्षे दरवाढीवर मर्यादा आणि आठ वर्षांत वंचितांसाठी ७ कोटी १६ लाख डॉलर.

६/ रक्कम मोठी वाटते. पण वाढलेल्या सौदाशक्तीमुळे आरोग्यखर्च वर्षाला १२ कोटी डॉलरहून अधिक वाढू शकतो, असा राज्याच्या आरोग्य धोरण आयोगाचा अंदाज होता. त्यापुढे वर्षाला सुमारे ९० लाख डॉलर! खरा बांध दरमर्यादेचाच, आणि त्यालाही मुदत.

७/ समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नाही. बॉस्टनमध्ये पार्टनर्स हा बलाढ्य समूह आधीच होता. त्याच्यापुढे टिकायला एकी हवी, असे ते म्हणत. ते मान्य केले, तरी एक विषमता उरतेच: एकदा जुळलेली रुग्णालये पुन्हा सुटी होत नाहीत, अटी मात्र संपतात.

८/ म्हणून समाजाचे देणे विलीनीकरणाइतकेच दीर्घायुषी असावे. रक्कम आकड्यात लिहिलेली असावी आणि तिचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. ‘वाजवी’ हा शब्द मोघम ठेवला की काय होते, हे हिल-बर्टनने एकदा दाखवून दिले आहे. पुन्हा पाव शतक वाट पाहणे रुग्णांना परवडणारे नाही.