वरातीला मुभा, मुद्रणाला मज्जाव

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गाला विजापूर-गदगचा फाटा जेथे फुटतो, त्या होटगीत वरातीपुढे बँडवाल्यांनी व्हिडिओ गेमची धून वाजवली, तर कायद्याची त्याला हरकत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ धार्मिक विधीतील वादनाला सूट देते आणि वरातीचा त्यात स्पष्ट समावेश करते. त्याच वादकांनी तीच धून ध्वनिमुद्रित करून विकायची म्हटली, की मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी आडवे येते. मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबा. आगाऊ सूचना द्या. तांत्रिक गरजेपलीकडे चालीत बदल करू नका. आणि दरसाल किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरा! धुनेला हलगीचा ठेका द्यावा, तर तोही बदल ठरण्याची भीती.

या कठोरतेला कारण होते, हे आम्ही नाकारत नाही. १९८० च्या दशकात कॅसेट कंपन्यांनी गाजलेली गाणी दुसऱ्या गळ्यांतून गाऊन घेऊन बाजार भरून टाकला होता. परंतु कारखानदारासाठी बांधलेला बांध आज हौशी वादकाच्या दारात उभा आहे. शिवाय हे कलम केवळ ध्वनिमुद्रणापुरते. वादनाला चित्राची जोड दिली, की तेवढाही आधार उरत नाही. मालकाची थेट परवानगीच हवी.

यावर 'संगीतकाराच्या हक्काचे काय?' असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. पण तो हक्क असतो कोणाकडे? कोजी कोंदो यांनी १९८५ साली 'सुपर मारिओ'चे संगीत रचले ते निन्तेन्दोच्या नोकरीत असताना. आपल्या कायद्याच्या कलम १७ नुसारही, वेगळा करार नसल्यास, नोकरीत घडलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणाराच. म्हणजे कलावंताच्या नावाने जो गळा काढला जातो, तो पुष्कळदा कंपनीचा असतो.

आणि 'टेट्रिस'ची ती सर्वपरिचित धून? ती मुळात रशियन लोकगीताची. त्याचे शब्द नेक्रासोव्हच्या १८६१ च्या कवितेतले. १९८९ च्या गेमबॉय आवृत्तीत तिची नवी मांडणी झाली. मालकी असलीच तर त्या मांडणीपुरती. चाल सर्वांची आहे. ओवी, भारूड आणि लावणी शिकविणाऱ्या आपल्या वर्गांना हा भेद नव्याने सांगण्याची गरज नसावी. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना बदलणे, हेच तर आपल्या परंपरेचे जगणे.

'कला सर्वांची, म्हणून फुकट' ही घोषणा आम्हांला मान्य नाही. विक्री होईल तेवढ्याच प्रतींवर स्वामित्वधन असावे, त्यात रचनाकाराचा वाटा वेगळा राखावा आणि विनामूल्य हौशी मुद्रणाला वरातीइतकीच मुभा असावी, एवढीच आमची मागणी आहे. जी धून रस्त्यावर हजारांनी ऐकलेली चालते, ती वादकाने घरी जपून ठेवून चारचौघांना ऐकवली तर कोणाचे काय लुटले जाते, याचे उत्तर कायद्याने द्यायला हवे.