शिक्षा संपते, संशय का संपत नाही?

१/ आधी गुन्हा सिद्ध व्हावा, मग शिक्षा व्हावी, हा न्यायाचा क्रम. १८७१च्या ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ने तो उलटवला. संपूर्ण जमातच गुन्हेगार ठरली. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी आणि गाव सोडायचे तर पास.

२/ ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. दृष्टी मात्र तीच राहिली. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन वाचा. पोलिसांची धाड, मारहाण आणि जातीमुळे नाकारलेले काम त्यात आहे. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला लाभला.

३/ तुरुंगातून सुटलेल्याचे पुनर्वसन म्हणजे त्याला पुन्हा समाजात स्थान देणे. पण ज्याला जन्मतःच संशयित मानले, त्याची सुटका कोणत्या दिवशी होणार?

४/ पोलिसांना सराईत गुन्हेगारांची नोंद लागते, हे मान्य. ती व्यक्तीच्या कृत्याची असावी, आडनावाची नव्हे.

५/ ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाचे नियम रद्द केले आणि विमुक्तांना मनमानीपणे अटक होऊ नये, असे पोलिसांना बजावले. अटकेची कारणे नोंदवण्याचा दंडक तर २०१४च्या अर्णेश कुमार निकालानेही अधोरेखित केला होता.

६/ नांदेड-लातूरच्या ठाण्यांत या निकालांची कसोटी एकच: चोरी झाल्यावर पोलीस आधी पुरावा शोधतात, की पारध्यांचा पाल?