रेल्वे दौंडला आली, शिरूरला नाही : निबंधात न येणारा मुद्दा



मागच्या वर्षी पाचवीच्या वर्गाला मी 'रेल्वे आणि देशाची प्रगती' हा निबंध लिहायला दिला. वह्या तपासताना एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं, 'रेल्वेमुळे आमच्या गावाचा विकास झाला.' मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. माझी शाळा शिरूर तालुक्यात आहे आणि या तालुक्यात रुळाचा एक तुकडासुद्धा नाही! वर्गातल्या निम्म्या मुलांनी अजून रेल्वेत पाय ठेवलेला नाही. वाक्य गाईडमधलं होतं, पाठ केलेलं होतं आणि त्याला मी दरवर्षी गुण देत आले होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आपल्या गावाचा रेल्वेने कसा विकास झाला, सांगा बरं?" सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण दौंडला रेल्वे आहे, मग शिरूरला का नाही?"

माझं माहेर दौंड तालुक्यातलं. लहानपणी घड्याळापेक्षा गाडीच्या शिट्टीवर आमचा दिवस चालायचा. तरीही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचं उत्तर शोधता शोधता मला जे समजलं ते आज लिहिते आहे.

नकाशावरचा त्रिकोण

फळ्यावर तीन ठिपके काढा : पुणे, दौंड आणि अहिल्यानगर. पुण्याहून दौंडला रेल्वेने ७६ किलोमीटर. दौंडहून रूळ उत्तरेला वळतात आणि नगरला जातात. दोन्ही मिळून सुमारे १६० किलोमीटर. आता पुणे ते नगर सरळ रेघ ओढा. हा झाला रस्ता, अंतर सुमारे १२० किलोमीटर. शिरूर या तिसऱ्या बाजूवर येतं. म्हणजे त्रिकोणाच्या दोन बाजूंवर रेल्वे आणि तिसऱ्या बाजूवर, जी सगळ्यात सोयीची, तिच्यावर फक्त रस्ता.

असं का झालं? कारण रूळ टाकणाऱ्यांना पुण्याहून नगरला जायचंच नव्हतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात गाडी दौंडवरून पुढे दिक्सळपर्यंत पोहोचली. १८६० मध्ये सोलापूर, १८६३ मध्ये बोरघाटाची अवघड चढण पूर्ण, १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेशी जोडणी. कंपनीला मुंबई आणि मद्रास ही दोन बंदरं जोडायची होती. लष्कर हलवायचं होतं, कापूस बंदरात न्यायचा होता. भीमेच्या काठचा सपाट मुलूख त्या वाटेवर पडला, म्हणून दौंडला स्टेशन आलं.

शिरूर तेव्हा काही लहानसहान गाव नव्हतं. घोडनदीच्या काठी पेशवाईच्या अखेरीपासून इंग्रजांची छावणी होती, पुणे-नगर रस्त्यावरची बाजारपेठ होती. जुनी माणसं आजही गावाला 'घोडनदी'च म्हणतात. पण रेल्वेने कोणतं गाव जुनं किंवा मोठं हे पाहिलं नाही. तिने आपली वाट पाहिली.

स्टेशनमुळे वसलेली वस्ती

दौंडचं नशीब खरं उघडलं ते १८७८ मध्ये. दौंड-मनमाड हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. आता इथे इंजिनं बदलायची, पाणी-कोळसा भरायचा, गार्ड-ड्रायव्हर उतरायचे. त्यांच्यासाठी क्वार्टर्स आल्या, चर्च आलं, शाळा आल्या. दूरदूरच्या प्रांतांतली कुटुंबं, अँग्लो-इंडियन कुटुंबंसुद्धा इथे राहिली. आमच्या लहानपणी रेल्वे कॉलनीत गेलं की एका गल्लीत चार भाषा ऐकू यायच्या.

याच मार्गावर आणखी एक उदाहरण मुलांना सांगण्यासारखं आहे. प्रवरेकाठचं जुनं गाव बेलापूर. स्टेशन झालं गावापासून लांब, नाव मात्र बेलापूरच. त्या स्टेशनाभोवती जी वस्ती वाढली ती म्हणजे आजचं श्रीरामपूर शहर. गाव मागे राहिलं आणि स्टेशन पुढे गेलं!

आणि केडगाव. पंडिता रमाबाईंनी रेल्वेच्या सोयीच्या या गावी जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली आणि स्त्रिया इथल्या मुक्ती सदनात राहिल्या, शिकल्या. रेल्वेने केवळ कापूस नेला असं म्हणणंही अर्धवटच होईल.

अमेरिकेत १० मे १८६९ ला पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जोडले गेले. तिथे सरकारने कंपन्यांना रुळालगतच्या मोठ्या जमिनी दिल्या. बऱ्याच ठिकाणी आधी रेल्वे आली आणि मग गाव वसलं. अर्थात ती जमीन रिकामी नव्हती. तिथले मूळ रहिवासी हुसकले गेले. आपल्याकडे गावं शेकडो वर्षांची होती. रेल्वेने त्यांची उतरंड बदलली. वरचं मडकं खाली आणि खालचं वर.

रूळ आले नाहीत, भाव मात्र आला

माझ्या मते निबंधात सगळ्यात महत्त्वाचा आणि हमखास गाळला जाणारा भाग हा आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना. मग हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या भागात रेल्वेच्या कामांमुळे मजुरीचा पैसाही खेळत होता. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. नेमका त्याच सुमारास जमीन महसूल वाढवला गेला. कर्ज मात्र तेवढंच राहिलं, उलट व्याजाने फुगत गेलं.

डिसेंबर १८७४ मध्ये आपल्या शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. आजच्या दौंड-बारामतीचा बराच मुलूख त्याच भीमथडीतला. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला.

याला एकटी रेल्वे जबाबदार होती असं मी म्हणत नाही. पण करडे गावात रूळ नव्हते, तरी सातासमुद्रापलीकडचा भाव तिथे पोहोचला होता. रेल्वे, आगबोट आणि तारायंत्र यांनी शेतकऱ्याला जगाच्या बाजाराला बांधलं, पण त्या बाजारात त्याच्या हातात काहीच नव्हतं.

पैशाचा हिशोबही पाहा. कंपनीच्या भांडवलावर सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. नफा कमी पडला तर भरपाई सरकारी तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या सारा-करातून. करड्याचा शेतकरी ज्या गाडीत कधी बसला नाही, तिचं व्याज तोही भरत होता. आणि १८७६-७८ च्या दुष्काळात? रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणलं हे खरं, पण त्याच काळात देशातून धान्याची निर्यातही चालूच होती. दौंड-मनमाड मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले, हेही मुलांना कळलं पाहिजे.

मग शिरूरचं काय झालं?

शिरूर संपलं नाही. रस्ता होता. पुढे त्याच पुणे-नगर रस्त्यावर कारखानदारी आली आणि रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर ही नावं देशभर पोहोचली. आज माझ्या वर्गात उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातून आलेल्या पालकांची मुलं आहेत. त्यातले कितीतरी जण रेल्वेने पुण्यापर्यंत आले आणि तिथून एस.टी.ने इकडे. आणि दौंड? पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी पूर्वी दौंडला थांबून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावूनच पुढे जायची. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे गाडी जंक्शनात न शिरताही जाऊ शकते. ज्या रेल्वेने गाव मोठं केलं, तिला त्या गावात थांबायची गरज कमी होत चालली आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की 'रेल्वे म्हणजे प्रगती' असं शिकवणं चूक आहे. रेल्वे ही वाट आहे. त्या वाटेने काय जाणार, काय येणार आणि भाव कोण ठरवणार, यावर प्रगती ठरते.

हा निव्वळ इतिहास नाही. पुणे-अहिल्यानगर थेट रेल्वेची, म्हणजे आपल्या त्रिकोणाच्या तिसऱ्या बाजूची चर्चा पुन्हा सुरू आहे. ती व्हावी असं मलाही वाटतं. पण स्टेशन कुठे होणार? जमीन कोणाची जाणार? कांदा भरायला मालधक्का असणार की फक्त कारखान्यांच्या कंटेनरची सोय होणार? हे प्रश्न ग्रामसभेत विचारणारी माणसं आज आपल्या बाकांवर बसली आहेत. त्यांना आपण गाईडमधलं वाक्य पाठ करायला लावणार का?

यंदा मी निबंधाचा विषय बदलला : 'आमच्या गावाजवळून रेल्वे गेली तर'. मुलांना एकच अट घातली की घरच्या मोठ्या माणसांना विचारूनच लिहायचं. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, तिने लिहिलं, 'रेल्वे आली तर आजोबांना बरं वाटेल, पण आमच्या विहिरीवरून नको.'

तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.