मोटारीचे शेपूट

दसऱ्याला किंवा पाडव्याला घरात नवी वस्तू आली, की तिच्यावर काहीतरी चढवल्यावाचून आपल्या मनाचे समाधान होत नाही. कपाटाला कुंकवाचे स्वस्तिक, दूरदर्शन संचावर विणलेला रुमाल आणि दारातल्या मोटारीला झेंडूचा हार! हार दोन दिवसांत सुकतो, उतरतो, आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु हल्लीच्या तरुण मंडळींनी मोटारीसाठी जो दागिना पसंत केला आहे, तो सुकत नाही आणि उतरतही नाही. निदान भर रस्त्यात तरी उतरू नये, एवढीच अपेक्षा!

या दागिन्याविषयी एका वाचक भगिनीचे पुण्याहून पत्र आले आहे. चिरंजीवांनी नोकरी लागताच हप्त्याने एक जुनी, दोन दारांची, बसकी स्पोर्ट्स मोटार घेतली. आता तिच्या डिकीवर उंच पंख, पुढच्या बंपरखाली ओठ आणि दोन्ही कुशींना झालरी लावायच्या आहेत. वडील म्हणतात, ‘हा निव्वळ पैशाचा चुराडा.’ चिरंजीव म्हणतात, ‘बाबा, याने गाडी रस्त्याला चिकटून राहते. हा सुरक्षिततेचा खर्च आहे.’ बाई विचारतात, ‘दोघांपैकी खरे कोणाचे?’

प्रश्न नामी आहे. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे; पण ज्याची खरी काळजी करायची, ते मात्र दोघांच्याही बोलण्यात आलेले नाही.

आधी वाऱ्याचे काम पाहू. आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, अशी पाटी असते. तरीही लहानपणी आपण सर्वांनी तो काढलेला असतो. तळहात आडवा धरला तर वारा त्याला अलगद कापून जातो. पुढची कड जराशी वर केली, की हात वर फेकला जातो. खाली केली, की खाली दाबला जातो. मोटारीच्या पंखाचे सारे शास्त्र एवढेच. मोटारीचा आकार बहुधा कासवासारखा असतो, खाली सपाट आणि वर फुगीर. वरून जाणारा वारा त्या फुगवट्यावरून वेगाने धावतो, तेथला दाब कमी होतो आणि मोटार किंचित वर उचलली जाते. विमानाला हीच उचल हवी असते. मोटारीला ती नको असते. कारण चाके रस्त्यावर जितक्या जोराने टेकतील तितकी त्यांची पकड.

या उचलीवर दोन उपाय आहेत. पाठीच्या उताराच्या शेवटी एक आखूड कड उभी करायची, म्हणजे वाऱ्याची घसरगुंडी तेथेच मोडते. हा स्पॉइलर, म्हणजे वाऱ्याचा खेळ बिघडवणारा. दुसरा उपाय म्हणजे पंख. विमानाचा पंख उलटा करून मोकळ्या वाऱ्यात उभा केला, की तो गाडीला खाली दाबतो. बाजारात दोन्ही एकाच नावाने विकले जातात, पण दोघांची कामे निराळी.

ही कल्पना जुनी आहे. १९५६ साली मायकेल मे या तरुण स्विस अभियंत्याने आपल्या पोर्शे ५५० गाडीवर, चालकाच्या डोक्यावर येईल असा पंख उभारला आणि जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या शर्यतीला नेला. सरावात गाडी इतकी वेगाने वळू लागली, की मागच्या चालकांना पुढचे दिसत नाही या कारणावरून अधिकाऱ्यांनी पंख काढायला लावला. पुढे १९६६ साली अमेरिकेत टेक्सासच्या जिम हॉल यांनी आपल्या चॅपरल गाडीवर उंच खांबांचा पंख बसवला, तोही चालकाला पायाने कलता करता येईल असा. १९६८ साली बेल्जियमच्या शर्यतीत फेरारी आणि ब्रॅबॅम यांच्या गाड्या पंख लावून उतरल्या, आणि मग काय विचारता! ज्याला त्याला पंख हवा. वर्षभरात पंख रुंद झाले, खांब उंच झाले आणि त्यांच्या मजबुतीचा हिशेब मागे पडला.

त्याचे फळ ४ मे १९६९ रोजी स्पेनमधल्या बार्सिलोना येथे मिळाले. मोंजुइकच्या रस्त्यावर एक उंचवटा होता. तो ओलांडताना ग्रॅहॅम हिल यांच्या लोटस गाडीचा मागचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनंतर त्यांचाच जोडीदार योखेन रिंट याच्या गाडीचे त्याच जागी तेच झाले, आणि ती हिल यांच्या मोडक्या गाडीवर जाऊन धडकली. हिल बचावले. रिंटच्या चेहऱ्याला आणि डोक्याला मार बसला. दोघेही अव्वल दर्जाचे चालक आणि पाठीशी नामांकित कारखाना. तरी पंख मोडायचा तो मोडलाच. त्याच महिन्यात मोनॅकोच्या शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. पंख परत आले ते उंचीची आणि रुंदीची मर्यादा पत्करून.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर चिरंजीव म्हणतील, लेखक वडिलांचे मित्र दिसतात. १९७२ साली जर्मनीतल्या पोर्शे कंपनीच्या अभियंत्यांपुढे प्रश्न होता, की ९११ ही गाडी वेगात असताना मागून हलकी होते. त्यांनी वायुबोगद्यात, म्हणजे मोठ्या पंख्यांनी गाडीवर वारा सोडतात त्या दालनात, प्रयोग करून इंजिनाच्या झाकणावर एक उभट कड काढली. बदकाच्या शेपटासारखी दिसते म्हणून तिचे नाव तेच पडले. त्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ही ‘करेरा आरएस’ आली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या पुरेशा होत्या. शेवटी दीड हजारांवर बनल्या. या शेपटाने मागची उचल घटली, आणि वाऱ्याचा अडथळाही वाढला नाही. पण एक गोष्ट लोकांच्या ध्यानात राहत नाही. त्या गाडीला पुढेही बंपरखाली ओठ होता. पुढचे आणि मागचे, दोन्ही एकमेकांच्या तोलाने ठरवलेले होते. शेपूट दिसले, ते सर्वांनी उचलले. तोल कोणाला दिसला नाही.

तोल चुकला म्हणजे काय होते, हे आउडी कंपनीच्या ‘टीटी’ गाडीने दाखवले. १९९८ साली ही गाडी बाजारात आली. पुढून मागून गोल, गुळगुळीत, एखाद्या नदीतल्या गोट्यासारखी देखणी. जर्मनीच्या महामार्गावर बऱ्याच ठिकाणी वेगाला बंधन नाही. तेथे भरधाव असताना एकदम मार्गिका बदलली किंवा वळणात पाय अचानक वर घेतला, तर गाडीची पाठ निसटू लागली. अपघात झाले, माणसे दगावली. अखेर कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि २००० सालापासून मागे एक लहानसा स्पॉइलर बसवला. पण वाचकहो, नुसता स्पॉइलर नव्हे! त्याच्या जोडीला स्प्रिंगा-दांड्यांची रचना बदलली आणि गाडी घसरू लागताच चाकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही दिली. ज्यांनी गाडी घडवली, त्यांनाही केवळ एक फळी चिकटवून भागेल असे वाटले नाही.

तेव्हा चिरंजीवांचे म्हणणे तत्त्वतः खरे. आता वडिलांचे पाहू. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट. समजा, एखादा पंख ताशी २०० किलोमीटर वेगाला गाडीवर ३६ किलोंचा भार टाकतो. तोच पंख ताशी १०० ला ९ किलो टाकील आणि ताशी ५० ला फक्त सव्वादोन किलो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला मर्यादा ताशी १०० ची. घाटात त्याहून कमी. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत किती वेग मिळतो, ते मी सांगायला नको. म्हणजे एवढा खटाटोप करून कायद्याच्या वेगात मिळाले काय? डिकीवर ठेवलेल्या दोन कलिंगडांइतका भार!

परंतु वाया गेलेला पैसा हे येथले सर्वांत लहान नुकसान आहे. पहिली काळजी तोलाची. बागेतल्या सी-सॉच्या एका टोकावर पोर बसले, की दुसरे टोक वर जाते. डिकीच्या अगदी शेवटी लावलेला पंख मागच्या चाकांच्याही मागे असतो. तो मागचे टोक दाबतो, त्याच वेळी पुढचे हलके करतो. ज्या गाडीची पुढचीच चाके ओढतात आणि पुढचीच वळवतात, तिला हे अजिबात मानवणारे नाही. वेगात वळण घ्यायचे आणि गाडी सरळच जायची! बरे, हे हळू चालवताना कळत नाही. कळते ते नेमके ज्या क्षणी कळायला नको त्या क्षणी.

दुसरी काळजी बांधणीची. कारखान्यातला पंख ज्या गाडीसाठी बनवतात, तिच्यावरच तपासलेला असतो. घरपोच मागवलेला पंख पुष्कळदा फायबरचा असतो, आणि तो पातळ पत्र्याच्या डिकीला चार स्क्रूंनी किंवा नुसत्या चिकटपट्टीने बसवतात. भोके नीट बुजवली नाहीत, तर पावसाळ्यात तेथून पाणी शिरते आणि पत्रा गंजतो. आणि तो सुटलाच, तर मालकाच्या अंगावर येत नाही. मागून स्कूटरवर जो कोणी येत असेल त्याच्या अंगावर जातो. त्या बिचाऱ्याने तर पंख मागवलेला नसतो! शिवाय उंच पंख मागच्या काचेतले दृश्य अडवतो आणि वरचा ब्रेकचा दिवाही झाकू शकतो. पुढचा ओठ आपल्याकडच्या गतिरोधकांवर घासून अर्धा निघतो आणि चाकाखाली येतो.

तिसरी काळजी कायद्याची. मोटारीच्या नोंदणीतला तपशील मूळ कारखान्याच्या रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तोच अर्थ उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा ठेवली आहे. लहानसा स्पॉइलर त्यात बसतो की नाही, हे गॅरेजवाल्याला न विचारता परिवहन कार्यालयात विचारावे. विमा कंपनीलाही आधी लेखी कळवावे. अपघातानंतर वादावादी नको.

मग करावे काय? तरुणाच्या हौसेला नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. त्या भगिनीने चिरंजीवांना तीन प्रश्न विचारावेत. हे शेपूट याच गाडीसाठी, तिच्या कारखान्याने तपासून बनवले आहे का? त्याच्या जोडीचे पुढचे काय? आणि ते कशाला, किती बोल्टांनी बसणार? तिन्ही उत्तरे समाधानकारक आली, आणि कचेरीने व विमा कंपनीने हरकत घेतली नाही, तर कारखान्याचा आखूड स्पॉइलर खुशाल लावावा. शोभेला शोभा होईल. उत्तरे आली नाहीत, तर तोच पैसा चार नव्या टायरांना, ब्रेकला आणि जुन्या झालेल्या शॉक अॅब्सॉर्बरना घालावा. गाडी रस्त्याला धरून ठेवणारी माणसाच्या हातातली पहिली वस्तू म्हणजे टायर. आणि ते ताशी ३० लाही तितकेच इमानाने काम करतात. ओल्या घाटरस्त्यावर गुळगुळीत टायरांना कोणताही पंख तारू शकत नाही.

वडिलांनाही एक विनंती. ‘पैशाचा चुराडा’ म्हणून विषय तोडू नये. एखाद्या सुट्टीच्या सकाळी मुलाबरोबर गाडीखाली वाकून टायरांची नक्षी किती उरली आहे ते पाहावे आणि हवेचा दाब तपासावा. त्याला वाऱ्याचे शास्त्र कळू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. ते अर्धे कळून थांबू नये, एवढे घरच्यांनी पाहावे. आणि यंदा पाडव्याला गाडीला हार घालताना तो काचेवर येणार नाही असा घालावा. सर्व वाचकांना दिवाळी सुखाची आणि प्रवास सुखरूप होवो.