घर घेतले नाही, तर अनामत किती कापावी?



किरायानाम्यावर सही झाली, अनामत दिली आणि राहायला येण्याआधीच भाडेकरूने माघार घेतली, की जैनाबादेत काय, तापीपलीकडे बुऱ्हाणपुरात काय, दोन टोकाची मते ऐकू येतात. ‘मी राहिलोच नाही, मग पैसे कसले?’ आणि ‘सही केलीस, आता अनामत विसर.’ कायद्यात दोन्ही बसत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ करार मोडणाऱ्याला भरपाई द्यायला लावते. तेव्हा भाडेकरू सहजी सुटत नाही. पण मालकाचे नुकसान कमी करण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही पाहावे असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. घर महिनाभरात दुसऱ्याला तेवढ्याच भाड्याने गेले, तर ११ महिन्यांच्या करारातल्या उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे मागणे ही भरपाई नव्हे, दुहेरी कमाई आहे.

‘अनामत जप्त होईल’ असे लिहूनच घेतले असेल तर? कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. तिच्या आत वाजवी तेवढेच मिळते. कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात दिल्ली विकास प्राधिकरणाने भूखंडाची ७८ लाखांची इसाऱ्याची रक्कम जप्त केली होती. ३ कोटी १२ लाखांची बोली लागलेला तो भूखंड पुढे ११ कोटी ७८ लाखांना विकला गेला. मग नुकसान कुठले, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती रक्कम परत करायला लावली. प्रकरण भाड्याचे नव्हते, पण कलम तेच.

भाड्यावर घर चालवणाऱ्या मालकाने इतरांना नकार दिलेला असतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. घर रिकामे राहिले तेवढ्या काळाचे भाडे आणि पुन्हा द्यावी लागलेली दलाली त्याला कुरकुर न करता मिळावी. भाडेकरूनेही बेत बदलताच लेखी कळवावे. गप्प बसण्याने त्याचेच देणे वाढते. उलट, जास्त भाडे देणारा भेटला म्हणून मालकच फिरला, तर अनामत परत करून भाडेकरूचे नुकसान त्याने भरून द्यायला हवे. एवढ्याशा रकमेसाठी कोर्टात कोण जातो, असे कुणी म्हणेल. म्हणूनच हे आधी कागदावर हवे. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून ११ महिन्यांचा छापील मसुदा वापरला जातो आणि न वाचताच त्यावर सह्या होतात. ताबा घेण्याआधी माघार घेतल्यास किती रक्कम कापायची आणि बाकीची किती दिवसांत परत करायची, या दोन ओळी किरायानामा लिहून देणाऱ्यांनी त्यात घालाव्यात. त्या नसतील तर दोन्ही बाजूंनी सही करू नये.

एक वाचक, जैनाबाद (जि. बुऱ्हाणपूर)