उठावाची अक्षरं आणि रेक्झीनचा ताण

वूफरच्या बॉक्सवरचं रेक्झीन सुटलं की पहिली शिवी गोंदाला, दुसरी कुशनवाल्याला. माझं मत असं, की बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. दोष अक्षराच्या ड्रॉइंगमध्ये असतो, आणि ते ड्रॉइंग आपल्यासारख्या माऊसवाल्या माणसाने केलेलं असतं.

अलिबाग, नागाव, मुरूडकडे गाडीत मापाचा बॉक्स करून घेणं आणि त्यावर ‘आई एकविरा’ उठावात काढणं ही हौस चांगली मुरलेली आहे. विक्रम-मिनीडोरपासून टुरिस्ट गाड्यांपर्यंत. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईकरांच्या गाड्याही थेट तिकडे उतरतात, आणि सोबत पेनड्राइव्हवर फॉन्ट आणतात. त्यात धारदार कोपरे, चिकटून बसलेली अक्षरं. वर अपेक्षा अशी की अखंड रेक्झीन ओढून सगळं टाइट बसावं.

(रेक्झीन हे मूळ इंग्लंडमधलं ब्रँडनाव. तेव्हा कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर असायचा. आज आपण ज्याला रेक्झीन म्हणतो ते कापडावर चढवलेलं पीव्हीसी, म्हणजे व्हायनलच.)

आता जरा हिशोब करू. अक्षराचा दांडा १२ मिमी, पुढची फट १२ मिमी, उठाव ६ मिमी. सपाट अंतर २४, पण रेक्झीनला ६ चढायचं आणि ६ उतरायचं, म्हणजे एकूण ३६. पन्नास टक्के जास्त! कडेचं अक्षर असेल तर बाहेरून थोडा माल सरकून येतो, मधल्या अक्षरांना तो ताणूनच मिळवावा लागतो. हीटगन मारली की ताणलं जातंही. पण तापवून ताणलेल्या व्हायनलला मूळ आकार आठवत असतो. मे महिन्यात गाडी किनाऱ्यावर उन्हात लावा, आत गोंद नरम पडतो, रेक्झीन आखडायला लागतं आणि फटीत तंबू उभा राहतो. कुशनवाल्याने काम चोख केलेलं असतं तरी फुकट दुरुस्ती त्याच्याच गळ्यात. हे मला अजिबात पटत नाही.

हाच उठाव ३ मिमी ठेवा आणि कडांना ४५ अंशांचा उतार द्या. २४ चे साधारण साडेसव्वीस होतात, म्हणजे ताण दहा टक्क्यांवर आला. मागे बनियनसारखं विणलेलं कापड असलेलं रेक्झीन एवढं हसत सोसतं. दिसायला उठाव कमी वाटेल म्हणाल, तर गाडीच्या डिकीत कोण फूटपट्टी घेऊन येतंय?

खरी गोम अक्षरांच्या डोळ्यांत आहे. ‘क’ चा डोळा, ‘व’ चा डोळा, वेलांटीच्या कमानीखालची फट. तिथे चारही बाजूंनी कड, त्यामुळे बाहेरून माल यायला रस्ताच नाही. म्हणून माझा आग्रह असा, की ६ मिमी उठाव हवाच असेल तर अखंड ओढूच नका. अक्षरं वेगळी कापा, त्यांना रेक्झीन चढवा, कडा मागे दुमडा आणि मग बॉक्सवर बसवा. डोळ्यात चांदणीसारखा छेद द्यायचा, पाकळ्या मागे वळवायच्या. कड आधी काळी रंगवून ठेवली की छेद दिसत नाही. आणि इथे देवनागरी इंग्रजीला मात देते राव! शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच तुकडा. ‘आई’ एक, ‘एकविरा’ दुसरा. इंग्रजीत प्रत्येक अक्षर वेगळं ओळीत लावत बसा. (अनुस्वार असेल तर तो मात्र सुटा राहतो.)

तुकडा बसवताना पाठ पूर्ण चिकटली पाहिजे, नाहीतर खर्ज लागला की अक्षर तडतडतं. स्क्रू मारलाच तर आरपार नको. सीलबंद बॉक्समधून हवा गळली की बेसची वाट लागली. किनाऱ्यावर साध्या स्टेपल पिनाही नकोत, गंजून तांबूस डाग उमटतात. एमडीएफऐवजी मरीन प्लाय घ्या, ओल लागली की एमडीएफ फुगतो. आणि पावसाळ्यात घाई करू नका. रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटणार नाही इतका सुकल्यावरच दाबायचा असतो. दमट हवेत सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं, आणि मग पकड गेली. संध्याकाळी न्यायला येतो म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कुशनवाला ‘उद्या या’ म्हणतो तो आळस नव्हे.

वेगळ्या अक्षरांचं काम दुप्पट वेळ खातं, तेव्हा मजुरीही दुप्पट द्यावी. चार आकडी स्पीकर घेताना घासाघीस न करणारे आपण इथे दोनशे रुपयांवरून अडून बसतो.

बाकी ‘क’ चा डोळा कापायचा की सरळ बुजवून टाकायचा, यावर आमच्या कुशनवाल्याशी माझा वाद चालूच आहे. तो म्हणतो, ‘बुजवा, लांबून कोणाला कळतंय?’ मला कळतं ना!