इन्व्हर्टरची दुसरी पेटी : न्यूट्रल व अर्थिंग निराळेंच हवें

अलीकडे शेतावरील वस्त्यांतून इन्व्हर्टर बसविण्याची वहिवाट बरीच वाढली आहे, आणि ती आम्हांस इष्टच वाटते. वीज गेली तरी गोठ्यांत धार काढण्यापुरता उजेड असावा, मुलांचा अभ्यास थांबूं नये, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु इन्व्हर्टर घेतांना आमचे शेतकरी बंधु बॅटरी केवढी आणि हमी किती वर्षांची, एवढीच चौकशी करतात. इन्व्हर्टरपासून निघून दुसऱ्या पेटींत, म्हणजे मिस्त्री जिला डीबी म्हणतात तींत, जाणाऱ्या काळ्या व हिरव्या तारेची जोडणी कशी केली, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें जीवाचा प्रश्न तेथेंच आहे.

काळी तार न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. दोन्ही अखेर जमिनीशींच जाऊन मिळतात. मग त्या पेटींत एकत्र बांधल्या तर बिघडलें कोठें, असें पुष्कळांस वाटतें. याचें उत्तर पाट आणि सांडवा यांवरून शेतकऱ्यास सहज कळेल. पाटांतून रोज पाणी वाहतें. सांडवा एरव्हीं कोरडा असतो, पण पुराच्या वेळीं तो मोकळाच सांपडला पाहिजे. न्यूट्रल हा पाट होय. फेजनें आलेला प्रवाह त्यांतून नित्य परत जातो. अर्थिंग हा सांडवा होय. मोटारीच्या किंवा फ्रिजच्या पत्र्यांत वीज उतरली तरच त्यानें काम करावयाचें. न्यूट्रल एकदांच, रोहित्रापाशीं, ज्यास आपण डीपी म्हणतों तेथें, जमिनीशीं जोडलेला असतो. आपल्या घरांत त्या दोघांची पुन्हां गांठ मारणें म्हणजे रोजचें पाणी सांडव्यांत सोडणें होय.

अशा गांठीचे परिणाम दोन. पहिला असा कीं, खांबावरून येणारी न्यूट्रलची तार तुटली, तर चालू दिव्या-पंख्यांतून आलेल्या प्रवाहास परतीची वाट राहत नाहीं, आणि तो घरांतील प्रत्येक अर्थिंग केलेल्या पत्र्यावर चढतो. उन्हाळ्यांत अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल, तर हा दाब प्राणघातक ठरतो. गोठ्यांत तर धोका अधिकच, कारण जनावरांस माणसाहून कमी दाबाचा धक्काहि बाधतो. दुसरा परिणाम असा कीं, मुख्य पेटींतील आरसीसीबी वारंवार पडूं लागते. ही कळ फेजनें गेलेला आणि न्यूट्रलनें परतलेला प्रवाह सारखा आहे कीं नाहीं, हें पाहत असते. कांहीं भाग हिरव्या तारेनें परतूं लागला कीं ती तुटणारच. अशा वेळीं गांठ सोडण्याऐवजीं आरसीसीबीच काढून टाकणारे मिस्त्री आम्हीं पाहिले आहेत. राखणदार भुंकतो म्हणून त्यासच हाकलून देण्यासारखें हें आहे.

कोणी म्हणतील, आमचें अर्थिंग उत्तम आहे, आम्हांस या कळेची गरज काय? त्यांनीं हा हिशेब पाहावा. घरच्या अर्थिंगचा रोध 20 ओहम व रोहित्राचा 3 ओहम धरला, तर 230 व्होल्टची फेज पत्र्यास लागतांच सुमारें 10 अँपियर प्रवाह वाहील. 16 अँपियरची एमसीबी त्यास मुळींच दाद देणार नाहीं, आणि पत्र्यावर सुमारें 200 व्होल्ट तसेच उभे राहतील. 30 मिलिअँपियरची आरसीसीबी मात्र क्षणांत तुटेल. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही हवींत. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.

आतां जोडणीविषयीं. दुसऱ्या पेटींत न्यूट्रलची पट्टी निराळी व अर्थिंगची निराळी असावी, आणि दोहोंत कोणताहि दुवा नसावा. इन्व्हर्टरवर जे दिवे-पंखे घेतले असतील, त्यांच्या न्यूट्रल तारा जुन्या पट्टीवरून सोडवून या पेटीच्या आरसीसीबीमागील पट्टीवर आणाव्या. एक जरी मागें राहिली, तरी कळ पडत राहील. अर्थिंगची तार कोणत्याहि बटणांतून नेऊं नये. ती अखंड असावी.

घरगुती इन्व्हर्टरपैकीं बहुतेकांत न्यूट्रल आंतून सरळ पुढें जातो, म्हणून बॅटरीवर चालतांनाहि त्याचा रोहित्राशीं संबंध टिकतो. परंतु ज्या मांडणींत बाहेरचा फेज व न्यूट्रल दोन्ही तोडले जातात, तेथें इन्व्हर्टरचा न्यूट्रल अधांतरीं राहतो, आणि पत्र्यांत वीज उतरली तरी आरसीसीबी तुटत नाहीं. तेथें न्यूट्रल व अर्थिंग यांची एकच गांठ इन्व्हर्टरपाशीं, आरसीसीबीच्या अलीकडे, द्यावी लागते. आणि बाहेरची वीज येतांच ती सुटली पाहिजे. कांहीं इन्व्हर्टर हें आपोआप करतात. हें काम निर्मात्याची पुस्तिका वाचून परवानाधारक तंत्रज्ञानेंच करावें. अमेरिकेंत ही गांठ घराच्या मुख्य पेटींतच देतात. तेथील चित्रें पाहून येथें तसें करूं नये, कारण तेथील पुरवठ्याची रीत वेगळी आहे. गांठ एका वेळीं एकच, हें तत्त्व मात्र दोन्हीकडे सारखें आहे.

आमची सभासदांस विनंति इतकीच कीं, मिस्त्र्याचे पैसे चुकते करण्यापूर्वीं दुसरी पेटी उघडून दोन पट्ट्या डोळ्यांनीं पाहाव्या, आणि आरसीसीबीवरील चांचणीचें बटण दर महिन्यास दाबावें. संस्थेसहि आमची सूचना आहे कीं, अर्थिंगचा रोध मोजण्याचें एक यंत्र घेऊन तें सभासदांच्या वस्त्यांवर पाळीपाळीनें फिरवावें. बियाणें पेरण्यापूर्वीं आपण त्याची उगवण पाहतों. ज्यावर घरच्या माणसांचा व जनावरांचा जीव अवलंबून आहे, तें अर्थिंग न पाहतां विश्वासानें सोडणें शहाणपणाचें नव्हे.